मोसंबीचा आंबिया बहर फुलात असताना शिवारफेरी: कधी निघावे, काय पाहावे

मोसंबीची बाग पाहायला शेतकऱ्यांचे गट बहुधा फळ तोडणीला आले की जातात. झाडाला लगडलेले फळ दिसते, फोटो चांगले येतात, एकरी टनाचा आकडा ऐकायला मिळतो. पण त्या बागेत जे ठरायचे ते सात-आठ महिने आधीच ठरून गेलेले असते. आंबिया बहराचे मुख्य काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होते. ताण बरोबर बसला का, पाणी योग्य वेळी सुटले का, झाडात साठा किती होता, या सगळ्याचे उत्तर झाड फुलात असताना जितके उघड दिसते तितके पुढे कधीच दिसत नाही. फळ मोठे झाल्यावर यजमान सांगेल ते ऐकून घ्यायचे, एवढेच हाती राहते.

म्हणून वर्षातून एकच फेरी काढता येणार असेल तर ती वसंतात, बाग फुलात असताना काढावी. जालना जिल्ह्यात त्यासाठी लांब जावे लागत नाही. अंबड, घनसावंगी, बदनापूर आणि जालना या तालुक्यांत मोसंबीचा मोठा पट्टा आहे. २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परजिल्ह्यातून येणाऱ्या गटांसाठी आणि आपल्याच तालुक्यातल्या नव्या बागायतदारांना फिरवून आणू पाहणाऱ्या कृषी सहायकांसाठी पुढील माहिती दिली आहे.

तारीख कशी ठरवावी

सहल म्हटली की आपण आधी तारीख धरतो, मग गाडी ठरवतो आणि शेवटी ज्याची बाग पाहायची त्याला फोन करतो. फुलांच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो.

जपानमध्ये विस्टेरियाची वेल पाहायला दरवर्षी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत लोक लांबून जातात. तिकडे तिला फुजी म्हणतात. तोचिगी प्रांतातल्या आशिकागा येथील उद्यानात दीडशे वर्षांहून जुना वेल मांडवावर चढवलेला आहे आणि त्याचे जांभळे घोस खाली लोंबतात. वेल आपल्या हरभरा-तुरीच्याच कुळातला. मराठवाड्याच्या हवेत त्याचे काम नाही, पण तिकडच्या लोकांची एक सवय उचलण्यासारखी आहे. ते आधी फुलोरा कुठवर आला याची चौकशी करतात आणि मग निघतात. थंडी लांबली की फुले उशिरा, ऊब लवकर आली की फुले लवकर, हे तिथे सगळ्यांना पाठ असते.

मोसंबीत तर आपल्याकडे आणखी सोय आहे. विस्टेरिया हवामानाच्या मर्जीवर फुलतो. आपला आंबिया बहर बऱ्याच अंशी शेतकरी स्वतः फुलवतो. त्याने पाणी कधी तोडले आणि कधी सोडले हे कळले की फुलोऱ्याचा अंदाज वहीवर मांडता येतो.

ढोबळ अंदाज म्हणून वसंत पंचमी ते महाशिवरात्र हा काळ धरावा. तिथी मागेपुढे सरकतात, झाड पंचांग पाहत नाही, त्यामुळे एवढ्यावर गाडी ठरवू नये.

ताणाच्या तारखेवरून फुलोऱ्याची तारीख

मोसंबी सदाहरित झाड आहे. पाणी आणि अन्न मिळत राहिले तर ते पालवी काढत राहते आणि फुले थोडी थोडी, वर्षभर विखरून देते. असा विखुरलेला बहर ना बाजाराला उपयोगी, ना फवारणीला. म्हणून आंबिया बहरासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून झाडाची वाढ थांबवतात. थंडीही त्याला मदत करते. वाढ थांबल्यावर पानांत तयार झालेले अन्न फांद्यांत साठत जाते आणि पुन्हा पाणी मिळताच तो साठा नवती आणि कळ्यांच्या रूपाने एकदम बाहेर पडतो.

ताण किती दिवस द्यायचा हे जमिनीवर अवलंबून असते. हलक्या, मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिना पुरतो. मध्यम जमिनीत दीड महिन्याच्या आसपास. भारी काळ्या जमिनीत दोन महिनेही लागू शकतात, कारण ती जमीन खाली ओल धरून ठेवते आणि वरून कोरडी दिसली तरी मुळांना पाणी मिळत राहते. दिवस मोजण्यापेक्षा पानांकडे पाहावे. पाने निस्तेज, पिवळसर पडून साधारण चौथा हिस्सा गळाला की ताण बसला असे समजतात.

त्यानंतर सल म्हणजे वाळलेल्या काड्या काढायच्या, आळी बांधायची, खते द्यायची आणि पाणी सोडायचे. पहिले पाणी हलके, ज्याला आपण आंबवणी म्हणतो. तीन-चार दिवसांनी दुसरे थोडे अधिक, ते चिंबवणीचे. मग नेहमीच्या पाळ्या सुरू होतात. ठिबकवरही हेच तत्त्व लागू आहे. पहिल्याच दिवशी तासन्‌तास संच चालवून मुळे गुदमरवायची नाहीत.

पहिल्या पाण्यापासून दोन-तीन आठवड्यांत नवती आणि कळी दिसू लागते, आणि तीन ते पाच आठवड्यांत बाग फुलात येते. आता हिशेब मांडून पाहा. अंबड तालुक्यातल्या एखाद्या मुरमाड रानात १ डिसेंबरला पाणी तोडले आणि ५ जानेवारीला आंबवणी दिली, तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा दुसरा आठवडा या काळात तिथे फुले असतील. गोदाकाठच्या काळ्या रानात त्याच दिवशी पाणी तोडले, पण ताण बसायला २५ जानेवारी उजाडली, तर तिथली फुले फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. एकाच तालुक्यात, एकाच दिवशी ताणावर सोडलेल्या दोन बागांत पंधरा-वीस दिवसांचे अंतर पडते ते असे.

फेरी आखणाऱ्याने म्हणून डिसेंबरमध्येच तीन-चार बागायतदार गाठून त्यांच्याकडून दोन तारखा टिपून घ्याव्यात: पाणी कधी तोडले आणि आंबवणी कधी दिली. दुसरी तारीख हाती आली की फेरीचा आठवडा ठरतो. निघण्याच्या चार दिवस आधी एक फोन आणि बागेचा एक फोटो मागवावा. फोटो एका फुलाचा नको, ओळीच्या टोकाला उभे राहून काढलेला हवा. बांधावरून अर्ध्याहून अधिक कळ्या उमललेल्या दिसत असतील तर निघावे.

एक अडचण मात्र हिशेबात बसत नाही, ती अवकाळी पावसाची. ताण अर्धवट असताना जानेवारीत पाऊस झाला तर झाड त्यालाच पाणी समजून फुटते. फुले कमी येतात आणि पुढेमागे येतात. फुलात गारपीट झाली तर विचारायलाच नको. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला फळबागायतदार विसरलेला नाही. असा पाऊस झाला तर फेरी रद्द करण्याची घाई करू नये, आठवडाभर पुढे न्यावी. फसलेला ताण कसा दिसतो हे पाहायला मिळणे हेही कमी शिकणे नाही.

कोणत्या बागा, कोणता मार्ग

एका दिवसात तीन बागा पुरेत. पाच-सहा बागांचा कार्यक्रम आखला की प्रत्येक ठिकाणी हारतुरे, चहा आणि प्रास्ताविक यांतच वेळ जातो आणि झाडाखाली कोणी जात नाही.

तीन बागा निवडताना एक हलक्या जमिनीतली आणि एक भारी जमिनीतली घ्यावी. तिसरी बाग शक्यतो अशी असावी जिथे यंदा बहर नीट फुटलेला नाही. तिचा मालक तयार होणे कठीण असते हे खरे. पण ओळखीतला शेतकरी मोकळेपणाने बोलणारा असेल आणि गटाने त्याला उपदेश करायचा नाही असे आधी ठरले असेल, तर ती एक बाग बाकीच्या दोन बागांइतके शिकवते. नमुनेदार बागाच दाखवत राहिलो की पाहणाऱ्याला वाटते, हे आपल्याला जमणारे नाही.

मार्ग सोपा आहे. बाहेरून येणाऱ्यांना जालना हे रेल्वेने आणि रस्त्याने सोयीचे. छत्रपती संभाजीनगरहून रस्त्याने साधारण ६० किलोमीटर. त्याच रस्त्यावर बदनापूर लागते. तिथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे, तर शहराजवळ खरपुडी येथे कृषी विज्ञान केंद्र. या दोनपैकी एका ठिकाणी आधी पत्र देऊन सकाळचा तासभर मागून घ्यावा. फेरीची सुरुवात तज्ज्ञांच्या बोलण्याने झाली की पुढे बागेत डोळे कुठे लावायचे ते कळते. उलट दुपारी जेवणानंतर व्याख्यान ठेवले तर काय होते ते सगळ्यांना माहीत आहे.

तिथून अंबडच्या रस्त्याला लागावे. अंबड-घनसावंगीच्या दक्षिण भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी फिरते, उत्तरेकडे विहीर आणि शेततळ्यावरची शेती आहे. एका फेरीत दोन्ही पाहिले तर पाण्याच्या भरवशाचा बागेवर काय परिणाम होतो ते आपोआप समजते. गटात वडीलधारी मंडळी असतील तर अंबडची मत्स्योदरी देवी किंवा समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब समर्थ वाटेवर घेण्याचा आग्रह होणारच. घ्यावे, पण दुपारी. बागेसाठी सकाळी आठ ते अकरा हीच वेळ राखून ठेवावी. तेव्हा फुलांवर माशा असतात, ऊन तिरपे असल्याने नवती नीट दिसते, आणि वासही असतो. मोसंबीचा फुलोरा बांधावर पोहोचण्याआधीच नाकाला कळतो; पहिल्यांदा येणाऱ्याला त्याचेच अप्रूप वाटते.

परतीला वेळ उरला तर जालना तालुक्यातले कडवंची पाहावे. पाणलोटाची कामे, शेततळी आणि त्यांवर उभ्या राहिलेल्या द्राक्षबागा यांसाठी हे गाव ओळखले जाते. मोसंबीवाल्यांनी तिथे द्राक्षापेक्षा पाण्याचा हिशेब विचारावा.

बागेत काय पाहावे

बागेत शिरण्याआधी पाच मिनिटे बांधावरच थांबावे आणि पूर्ण बाग नजरेखाली घालावी. सगळी झाडे सारखी फुलली आहेत का? पट्ट्यापट्ट्याने फुललेली बाग बहुधा जमिनीतला फरक सांगते. जिथे फुले कमी आणि गर्द हिरवी पालवी जास्त, तिथे ताण बसलेला नाही. खाली ओल राहिली असेल, शेजारच्या गव्हाचे पाणी झिरपले असेल किंवा नत्र जास्त झाले असेल. शेजारी पाट वाहत असेल तर त्या बाजूच्या दोन ओळी मुद्दाम पाहाव्यात.

उलट काही झाडांवर पानांपेक्षा फुलेच जास्त दिसतात. पांढरे शुभ्र झाड पाहून लोक हरखतात आणि फोटो त्याचेच काढतात. इथे थोडे जपून. आजारी, सल वाढलेले, मुळे सडलेले झाडही मरण्याआधी असे भरभरून फुलते. खाली वाकून खोड पाहावे. डिंक ओघळलेला, साल उभी तडकलेली दिसली तर त्या फुलांवर भरवसा ठेवू नये.

आता झाडाजवळ जाऊन फुले कुठे आली आहेत ते पाहावे. मोसंबीत फुले दोन तऱ्हांनी येतात. जुन्या काडीवर पानांशिवाय नुसते फुलांचे झुबके येतात; आणि नव्या फुटीवर चार-पाच कोवळ्या पानांसोबत एक-दोन किंवा थोडी फुले येतात. दिसायला पहिला प्रकार देखणा. टिकायला दुसरा चांगला, कारण फुलाशेजारचे पान त्या कोवळ्या फळाला अन्न पुरवते. ज्या बागेत पानांसोबतच्या फुलांचे प्रमाण चांगले आहे तिथे झाडात साठा होता, ताण अति झाला नव्हता आणि पाणी वेळेवर मिळाले, असे समजायला हरकत नाही. जिथे बहुतेक फुले उघड्या काड्यांवर आहेत तिथे ताण गरजेपेक्षा लांबला, किंवा मागच्या बहराचे फळ उशिरापर्यंत झाडावर राहून झाड दमले, अशी शंका घ्यावी. ही एकच गोष्ट नीट पाहून आलात तरी फेरीचा खर्च वसूल झाला असे म्हणता येईल.

फुलाचा रंगही पाहावा. मोसंबीचे फूल आतबाहेर पांढरे असते. जंभेरी आणि रंगपूर लिंबू, म्हणजे ज्या खुंटांवर आपण मोसंबीचा डोळा भरतो, त्यांच्या कळीवर आणि पाकळीच्या बाहेरच्या बाजूला जांभळट झाक असते. बागेत एखाद्या फांदीवर अशी झाक दिसली तर ती फांदी कुठून निघाली ते खाली हात घालून शोधावे. बहुधा ती कलमाच्या जोडाखालून आलेली खुंटाची फूट निघते. अशी फूट झाडाचे अन्न खाते आणि काही वर्षांत वरच्या मोसंबीला मागे टाकते. एरवी पानांच्या गर्दीत ती लपते, फुलात मात्र लगेच सापडते. नव्या बागायतदारांना हे प्रत्यक्ष दाखवावे. जोड जमिनीपासून वर आहे का, की मातीत गाडला गेला आहे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

झाडाखाली पाकळ्यांचा सडा असतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही. मोसंबीचे झाड हजारोंनी फुले काढते आणि शंभर फुलांमागे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच फळे शेवटपर्यंत टिकतात. हे झाडाचे स्वतःचे विरळणीचे काम आहे. पण सड्यात नुसत्या पाकळ्या आहेत की देठासकट हिरवी बोंडे आणि न उमललेल्या कळ्याही आहेत, हे मुठीत घेऊन पाहावे. न उमललेल्या कळ्या मोठ्या संख्येने खाली दिसल्या तर यजमानाला पाण्याच्या पाळीबद्दल विचारावे. फुलात असताना जमीन वाफशावर राहिली पाहिजे. एकदम कोरडी पडणे आणि एकदम चिखल होणे ही दोन्ही टोके कळीला मानवत नाहीत.

कोवळ्या फुटीवर भिंग धरावे. साधे भिंगही चालते, गटात दोन-तीन असावीत. सिट्रस सायलाची पिल्ले चपटी, पिवळसर असतात आणि पांढरे मेणासारखे धागे सोडतात. पाने वेडीवाकडी, चुरगळलेली दिसतात. रस शोषण्याने होणारे नुकसान एकीकडे, पण हीच कीड ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्यामुळे नवतीवरच्या सायलाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. नागअळीच्या पांढऱ्या नागमोडी रेषा आणि मावाही याच वेळी दिसतात.

आणि इथेच अनेक बागांत घोटाळा होतो. कीड दिसली म्हणून भर फुलात कीटकनाशक मारले जाते. मोसंबी स्वतःच्या परागावर फळ धरू शकते, मधमाशीवाचून तिचे अडतेच असे नाही. तरी फुलावर माशी फिरते तेव्हा फळधारणेला मदत होतेच. शिवाय जालना भागात कांद्याचे बीजोत्पादन घेणारे शेतकरी आहेत. कांद्याचे गोंडे फुलतात तेव्हा त्यांना माशीवाचून बी धरत नाही. तुमच्या बागेत मेलेल्या माशा शेजाऱ्याचे बी घालवतात. सायलासाठीची फवारणी नवती फुटताना, कळी उमलण्याआधी उरकावी आणि पुढची पाकळ्या गळाल्यावर घ्यावी. औषध आणि मात्रा विद्यापीठाच्या त्या हंगामाच्या शिफारशीप्रमाणेच. यजमानाने कोणत्या दिवशी काय फवारले हे गटाने आवर्जून विचारावे. फवारणी ताजी असेल तर त्या बागेत शिरूच नये.

पाण्याचा प्रश्न विचारल्याशिवाय निघू नये

फुललेली बाग पाहून परतलेला शेतकरी दुसऱ्याच महिन्यात रोपांची चौकशी करू लागतो, हे नेहमीचे आहे. त्यामुळे हा भाग इतर सगळ्यापेक्षा महत्त्वाचा.

आंबिया बहराचे फूल फेब्रुवारीत येते, म्हणजे त्याचे फळ लिंबाएवढे होत असताना एप्रिल-मे महिने असतात. झाडाला सर्वांत जास्त पाणी हवे असते तेव्हा विहीर सर्वांत खाली गेलेली असते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ६५० ते ७०० मिलिमीटरच्या घरातला, आणि तोही दरवर्षी सरासरी गाठतोच असे नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. दहा-बारा वर्षे जोपासलेली झाडे लोकांनी कुऱ्हाड लावून तोडली. काहींनी टँकरने पाणी घालून बाग जगवली, त्यासाठी कर्ज काढले. फेब्रुवारीतल्या सुगंधात हे आठवत नाही, म्हणून आठवणीने विचारावे लागते.

यजमानाला विचारावे: गेल्या मेमध्ये तुमच्या विहिरीला किती तास पाणी होते? त्या महिन्यात झाडाला एक दिवसाआड किती लिटर गेले? शेततळे कधी रिकामे झाले? २०१३ ला ही बाग होती का, आणि असेल तर तुम्ही ती कशी वाचवली? ज्यांनी त्या वर्षी बहर सोडून देऊन, फळे झाडून टाकून, फांद्या छाटून आणि आळ्यांत आच्छादन करून नुसते झाड जगवले, त्यांचा अनुभव ऐकण्यासारखा असतो. असा शेतकरी भेटला तर त्याच्यासमोर अर्धा तास बसावे आणि तिसरी बाग राहिली तरी चालेल.

एकराला किती उत्पन्न आले हा प्रश्न शेवटी विचारावा. तो आधी विचारला की पुढची सगळी चर्चा त्याच आकड्याभोवती फिरते.

आच्छादन आहे का, ठिबकच्या नळ्या खोडाला चिकटून आहेत की झाडाच्या घेराच्या कडेला, आळे दुहेरी आहे का, हेही पाण्याशीच जोडलेले प्रश्न आहेत. दुहेरी आळ्यात पाणी खोडाला लागत नाही आणि डिंक्याचा धोका कमी होतो. तंतुमुळे खोडाजवळ नसतातच, ती फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. खोडाशी पाणी ओतणे म्हणजे पाणीही वाया आणि झाडही.

पाहुणे म्हणून काय पाळावे

पंचवीस माणसांचा गट एका सकाळी तीन बागा फिरतो, तेव्हा पन्नास पायांबरोबर तीन बागांची माती इकडून तिकडे जाते. डिंक्या आणि मूळकूज यांची बुरशी मातीतून आणि पाण्यातून पसरते. म्हणून ओल्या आळ्यांत पाय घालू नये, दोन ओळींमधल्या कोरड्या पट्ट्यातूनच फिरावे आणि प्रत्येक बागेतून निघताना चपला-बूट झाडून, शक्यतो धुऊन गाडीत बसावे. गाडीत एक पाण्याचा कॅन आणि दोन ब्रश ठेवणे कठीण नाही. रोगट दिसणारी बाग शेवटी ठेवावी.

फुलांची फांदी तोडून घरी न्यायचा मोह होतो, बायाबापड्यांना गजऱ्यासाठी, काहींना डोळे भरण्यासाठी. दोन्ही टाळावे. फांदीसोबत सायलाची अंडी आणि ग्रीनिंगचा रोग आपल्या गावाला पोहोचतो. चांगल्या झाडाचे डोळे हवेच असतील तर त्या झाडाची नोंद करून संशोधन केंद्राला किंवा परवानाधारक रोपवाटिकेला विचारावे. रस्त्याकडेला मिळणारी स्वस्त रोपे गाडीच्या टपावर बांधून आणू नयेत. मोसंबीचे झाड पंधरा-वीस वर्षे ठेवायचे असते. रोपामागे वाचवलेले वीस-तीस रुपये त्याच्या कितीतरी पट महागात पडतात.

महिला शेतकऱ्यांना गटात घ्यावे. आळ्यातली निंदणी, फळांची वेचणी ही कामे त्याच करतात, आणि झाडाखाली काय पडले आहे हे त्यांच्या नजरेला आधी दिसते. त्यांच्यासाठी वाटेतल्या स्वच्छतागृहाची सोय आधीच विचारून ठेवावी, नाहीतर त्या पुढच्या वेळी येत नाहीत.

खर्चाचे म्हणाल तर आत्मा योजनेतून अभ्यास दौऱ्यांची तरतूद असते. प्रस्ताव तालुका कृषी कार्यालयात वेळेवर जायला हवा. फुले उमलल्यावर कागद हलवायला सुरुवात केली तर मंजुरी येईपर्यंत फळ लिंबाएवढे होते. मंजुरीत तारखेऐवजी पंधरवडा नमूद करून घेता आला तर उत्तम. ते न जमल्यास दहा-पंधरा जणांनी वर्गणी काढून एक गाडी केली तरी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात खर्च आटोक्यात राहतो.

एक फांदी मोजून यावी

बाग सोडण्याआधी गटातल्या चौघांनी एकेक झाड निवडावे. प्रत्येकाने आपल्या झाडाची एक फांदी, साधारण हातभर लांबीची, खांद्याच्या उंचीवर धरावी आणि तिच्यावरच्या कळ्या व फुले मोजावीत. चार झाडे, चार वेगळ्या दिशा. फांदीला रंगीत सुतळी सैल बांधावी आणि आकडा वहीत लिहावा, यजमानाच्याही वहीत लिहून द्यावा. पानांसोबतची फुले वेगळी मोजली तर आणखी चांगले.

मग एप्रिलअखेर त्याच चार फांद्यांवरची फळे मोजून सांगा, अशी यजमानाला विनंती करावी. बहुतेक जण आनंदाने सांगतात. न सांगितल्यास गटातल्या एकाने मोटारसायकलवर जाऊन मोजून यावे. तोवर उन्हाचा कडाका सुरू झालेला असतो आणि गळीचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. कोणत्या बागेत किती टिकले, भारी जमिनीत किती, मुरमाड रानात किती, पानांसोबतच्या फुलांतून किती आणि उघड्या काडीवरच्या झुबक्यांतून किती, हे आकडे गटाच्या बैठकीत फळ्यावर लिहावेत. त्या दिवशी विहिरीत किती परस पाणी आहे तेही शेजारी लिहावे. नवी बाग लावायची की नाही याचा निर्णय त्या बैठकीपर्यंत लांबवावा. लागवडीचे खड्डे घ्यायला मे महिना हाताशी असतोच.

स्वतःची बाग असणाऱ्यांनी याच पद्धतीने आपल्याही चार फांद्या त्याच आठवड्यात मोजून ठेवाव्यात. पुढच्या डिसेंबरमध्ये पाणी कधी तोडायचे हे ठरवताना वहीतली ही दोन पाने उघडावीत.